चाके डांबरावरच राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी घेऊन कच्छच्या रणात कसे जावे, याविषयीचा लेख वाचला. लेख खुसखुशीत आहे आणि फोटो तर फारच देखणे. पण त्यातल्या दोन गोष्टींनी स्वस्थ बसू दिले नाही. एक म्हणजे ‘रस्त्यावरून काय रण बघायचे, गाडी थेट मिठात उतरवा’ हा सल्ला, आणि तो पटवायला पांढऱ्याशुभ्र मिठावर उभ्या केलेल्या जुन्या गाडीचे अर्धे पान अडवणारे छायाचित्र. दुसरे म्हणजे, गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला, म्हणजे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीचा, व्हिंटेज नंबर मिळाला की ती घेऊन कुठेही मनसोक्त हिंडावे, हे विधान. सल्ला घातक आहे आणि विधान चूक आहे.

मी हे घरबसल्या लिहीत नाही. आम्ही बडोद्याची काही मंडळी हिवाळा आला की आपापल्या म्हाताऱ्या गाड्या घेऊन बाहेर पडतो. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली आणि कच्छमधले धोलावीरा, हडप्पा संस्कृतीतले प्राचीन शहर, बघायचे ठरले. आमची १९६९ सालची अॅम्बेसेडर, मार्क टू. सासऱ्यांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. चालवते मी. यजमानांना गाडी खोलायला आवडते, चालवायला नाही. ते शेजारी बसून तापमानाचा काटा आणि चिवड्याचा डबा सांभाळतात. बरोबर एक डुक्कर फियाट, एक महिंद्राची उंच बॉनेटवाली जीप आणि एक बेबी हिंदुस्तान, म्हणजे इथे बनलेली मॉरिस मायनर. तिला वळायचे असले की दाराशेजारच्या खाचेतून लाल दांडी बाहेर येते. हल्लीच्या पोरांना ती कशासाठी हे कळत नाही, त्यामुळे बेबीवाल्या बाई दांडी काढून वर हातही दाखवतात.

बडोदेकरांना या गाड्यांचे कौतुक जरा जास्तच, आणि त्याला कारण आहे. अॅम्बेसेडर म्हटले की सगळे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याचे नाव घेतात. पण हिंदुस्तान मोटर्स सुरू झाली १९४२ मध्ये, ओखा बंदरात. ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होते आणि ते बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. उत्तरपाड्याला कारखाना गेला तो १९४८ साली. हे मूळ विषयाला धरून नाही याची कल्पना आहे, पण दांडिया बाजारात राहून हे सांगितले नाही तर लोक काय म्हणतील?

अहमदाबादपर्यंतचा एक्स्प्रेसवे आम्ही टाळतो. तिथे ताशी पन्नास-पंचावन्नने चालणारी गाडी म्हणजे स्वतःलाही धोका आणि मागच्यालाही. आणंद-नडियादच्या जुन्या रस्त्याने, पहाटेच्या धुक्यात निघालो आणि विरमगाम ओलांडून पाटडीजवळ चहाला थांबलो. इथून छोटे रण जवळ. तुमच्या लेखात रण म्हणजे नुसते मोकळे मैदान असल्यासारखे वर्णन आहे. ते तसे नाही. खाराघोडा आणि आसपासची अगरिया कुटुंबे पाऊस ओसरला की या रणात राहायला जातात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत मीठ पिकवतात. आपल्याकडे उरण-भाईंदरच्या मिठागरांत भरतीचे पाणी घेतात. इथे समुद्र दूर, म्हणून जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडायचे आणि ते आटेपर्यंत अनवाणी पायांनी तुडवत, दाताळे ओढत राहायचे. पूर्वी पंप डिझेलवर चालत, आता बऱ्याच ठिकाणी सौर पॅनेल दिसतात. चहाच्या टपरीवर एक अगरिया बाई होत्या. आमच्या गाड्यांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘रणात घालणार का ह्या?’ नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग बरे. एक चाक गेले की आमची पाळ फुटते, पाणी वाहून जाते, पंधरा दिवसांचे काम गेले.’ संपादक महोदय, मीठ पिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेला एखादा लेख मला तुमच्या पुरवणीत वाचायला आवडला असता.

शिवाय छोटे रण हे घुडखराचे, म्हणजे रानगाढवांचे अभयारण्य आहे. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचे. २०२४ च्या गणनेत तिथे आणि आसपासच्या भागात मिळून ७,६७२ घुडखर मोजले गेले. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. मोठ्या रणाचाही मोठा भाग १९८६ पासून अभयारण्यच आहे. रोहित पक्षी अंडी घालतात ती जागा त्यातच येते. म्हणजे ‘गाडी उतरवा’ हा सल्ला नुसता बेफिकिरीचा नाही, तो कायद्याच्याही पलीकडे नेतो.

रापर, बालासर, लोद्राणी करत संध्याकाळी खडीर बेटावर पोचलो, धोलावीरा तिथेच आहे. वाटेत फियाटला एक पंक्चर, अर्थात वेड्या बाभळीचा काटा. रण पुढे सरकू नये म्हणून साठच्या दशकात ही बाभूळ लावली, आता ती माणसांना आणि ट्यूबच्या टायरांना पुढे सरकू देत नाही. फियाटवाले चाक बदलेपर्यंत जीपवाल्यांनी त्यांना काटा काढून ठेवायला दिला, आठवण म्हणून.

धोलावीऱ्याविषयी मी फार लिहीत नाही. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथे सगळेच जातात आणि सगळेच लिहितात. मला तिथले तलाव बघायचे होते. गावाच्या दोन बाजूंनी मनसर आणि मनहर हे दोन ओढे, पावसाळ्यापुरते वाहणारे. त्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि तटाच्या आतल्या दगडी तलावांत साठवायचे, हे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी करून ठेवले आहे. एका तलावाला खालपर्यंत पायऱ्या आहेत. चारी बाजूंना खारट जमीन आणि मध्ये हा गोड्या पाण्याचा एवढा खटाटोप. माझे यजमान एरवी इंजिनाखेरीज कशाकडे टक लावून बघत नाहीत, ते त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होते.

आता मुख्य गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही धोलावीऱ्याहून खावड्याकडे निघालो. हाच तो रस्ता, ज्याला हल्ली स्वर्गाचा रस्ता म्हणतात आणि तुमच्या लेखात ज्याचे फोटो आहेत. रस्ता भरावावरून जातो, दुतर्फा रण. यंदा एका बाजूला अजून पाणी होते, पक्षी होते. दुसऱ्या बाजूला पांढरे व्हायला लागले होते. अर्ध्या वाटेवर माणसे हात करताना दिसली. एक नवी, पांढरी, चारही चाकांना जोर असलेली मोठी गाडी भराव उतरून मिठात गेली होती आणि रस्त्यापासून पन्नास-साठ फुटांवर पोटापर्यंत रुतली होती. नंबर ‘एमएच’. मुले मराठी, चांगल्या घरची, बोलायला नम्र. फोटो काढायचा होता. का उतरलात, विचारल्यावर म्हणाली, ‘काकू, वरून अगदी सिमेंटसारखे कडक वाटले.’

रसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे मी खाली वाकून बघितल्याशिवाय राहिले नाही. वरचा मिठाचा थर माझ्या करंगळीएवढा जाड होता. बोटाने दाबला तर दबत नव्हता, टाचेने दाबला तर फुटत होता. खाली काळपट, लोण्यासारखा मऊ चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. वर्गात हायड्रोजन सल्फाइड करून दाखवताना मुले नाक धरायची, तोच. या जमिनीतली माती इतकी बारीक की पाणी खाली झिरपत नाही. ऊन पडले की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढते तसे, वर येते, वाफ होते आणि मीठ मागे राहते. म्हणजे पांढरा भाग दिसतो तो खाली ओल असल्याचाच पुरावा. जितके शुभ्र, तितके भरवशाचे, हा समज नेमका उलटा आहे.

जीपवाल्यांना वाटले असते तर त्यांनी जीप खाली घातली असती. फोर-व्हील लो गिअर टाकून ती कुठूनही चढते असा त्यांचा दावा आहे आणि एरवी तो खराही असतो. पण ते म्हणाले, एक गाडी रुतली आहे, दोन रुतवायच्या नाहीत. जीप डांबरावर आडवी न लावता सरळ उभी केली. पुढे आणि मागे फियाट आणि बेबी दिवे लावून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावे. या रस्त्यावर खावड्याच्या ऊर्जा प्रकल्पाकडे जाणारे डंपरही असतात आणि ते काही कोणासाठी थांबत नाहीत. दोन दोर जोडून एक लांब दोर केला. माणसांना दोरापासून लांब उभे केले. ताणलेला दोर तुटला की माणूस जायबंदी होतो, हे त्यांनी मुलांना तिथेच ठणकावले. मग चाकांपुढचा चिखल हातांनी उपसला, कारण फावडे कोणाकडेच नव्हते. चाकांखाली गोणपाट, आणि गोणपाट संपल्यावर आमच्या अॅम्बेसेडरमधले काथ्याचे पायपुसणे गेले. ते सासूबाईंच्या वेळचे होते. यजमानांनी ते स्वतःच्या हाताने काढून दिले, मी काही बोलले नाही.

पहिल्या ओढीला दोर ताणला आणि काहीच हलले नाही. दुसऱ्या ओढीला गाडीने एक लांब, ओला आवाज केला आणि वीतभर पुढे आली. त्यानंतर वीत-वीत करत ती भरावावर चढेपर्यंत दुपार झाली. गाडीच्या दाराखालची एक प्लास्टिकची पट्टी चिखलात राहिली होती. मुले निघायच्या घाईत. जीपवाल्यांनी त्यांना परत पाठवून ती पट्टी, फाटके गोणपाट आणि पाण्याच्या बाटल्या सगळे उचलून आणायला लावले. माझे पायपुसणे मात्र इतके खोल गेले होते की सापडले नाही. गाडी निघाली, तरी खाली गुडघाभर खोल दोन चर राहिले. ते आता पावसाळ्यापर्यंत तसेच राहणार. आणि पुढच्या गाडीवाल्याला वाटणार, इथून कोणीतरी गेले आहे, म्हणजे जाता येते.

त्या गाडीच्या मालकाचे पुढे काय झाले असेल? गाडीच्या पोटाला, ब्रेकच्या ड्रमवर, स्प्रिंगांच्या बेचक्यांत तो खारा चिखल लिंपला होता. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्या ओलीतून लोखंडाचे गंजणे झपाट्याने होते आणि क्लोराइड तर लोखंडावरचा संरक्षक पापुद्राच फोडते. नव्या गाडीला निदान गंजरोधक लेप असतो. तुमच्या लेखातला सल्ला जुन्या गाडीवाल्यांना आहे, आणि तिथे तर मला राग आला. आमच्या अॅम्बेसेडरला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. फियाटचे तेच, मॉरिसचे तेच. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत एकदा ओले मीठ शिरले की बाहेरून रंग चकाचक आणि आतून जाळी. तो पत्रा पुन्हा मिळत नाही, घडवून घ्यावा लागतो, आणि तसे घडवणारे हात बडोद्यात आता मोजके उरले आहेत. अर्ध्या पानाच्या फोटोसाठी उभी केलेली ती देखणी गाडी नंतर उचलून, खालून गोड्या पाण्याने तासभर धुतली असेल अशी मी आशा करते. पण मग प्रश्न येतो की ते पाणी कोणाचे? ज्या बेटावर पावसाचे पाणी अडवायला लोकांनी दगड फोडून तलाव केले, त्याच्या शेजारी मौजेखातर मिठात घातलेल्या गाडीसाठी टँकर मागवायचा? आमच्या गाड्यांना रस्त्यावरचे शिंतोडे तेवढे लागले होते, ते ओल्या फडक्याने पुसले आणि बाकीचे धुणे घरी येऊन केले.

त्या दिवशी उशीर झाला तरी काळा डुंगर सोडला नाही. कच्छमधली ही सर्वांत उंच जागा, साडेचारशे मीटरच्या वर, आणि माथ्यावर दत्ताचे देऊळ. दत्त म्हटला की आपल्याला पायाशी चार कुत्री आठवतात; इथे कोल्हे आहेत. भुकेल्या कोल्ह्यांना दत्ताने आपले अंग देऊ केले अशी कथा सांगतात, आणि अजून पुजारी भाताचा प्रसाद ओट्यावर ठेवून त्यांना हाक मारतो. चढावर फियाटच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला आणि पेट्रोलची वाफ धरू लागली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून यजमानांनी निघण्याआधीच सगळ्यांच्या पंपांतले डायफ्रॅम बदलून घेतले होते. वाफेला मात्र त्यांच्याकडे एकच औषध, पंपाला ओले फडके गुंडाळायचे आणि गप्प बसायचे. आम्ही गप्प बसलो. वरून बघितले तर उत्तरेला क्षितिजापर्यंत रण पसरलेले, सगळे एका नजरेत. गाडी खाली घालून जे दिसत नाही ते इथून, तिकिटाविना दिसते.

आता ‘व्हीए’ नंबराविषयी. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि प्रमाणपत्र दहा वर्षांचे. पण अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल, एवढ्याच कारणांनी ती बाहेर काढायची. म्हणजे ‘व्हीए’ घेतला की मोकळीक वाढत नाही, उलट कमी होते. आधीपासून नोंदणी असलेल्या गाड्यांना जुना नंबर ठेवण्याची सोय नियमात आहे. आमच्या चारही गाड्या जुन्या नंबरांवर, साध्या खासगी नोंदणीवर आहेत; दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करतो, म्हणूनच सहकुटुंब फिरता येते. तुमचा लेख वाचून कोणी हौसेने वीस हजार भरले आणि मग सासुरवाडीला जाताना अडवले गेले, तर त्याने कोणाकडे जायचे?

माझ्या मागण्या फार नाहीत. आपण पुढच्या पुरवणीत त्या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती छापावी. जुन्या मोटारींच्या रॅली भरवणारी जी मंडळी रणात छायाचित्रांचा कार्यक्रम ठेवतात, त्यांनी तो डांबरावर ठेवावा. गाड्या तिथेही छान दिसतात. आणि गुजरात सरकारपर्यंत पोचत असेल तर एवढे पोचवावे की या भरावाच्या रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायला जागा फार कमी आहे. लोक तिथे थांबणार हे उघड आहे. मग ठरावीक अंतरावर रुंद, कठड्याच्या जागा करून द्या आणि बाकी ठिकाणी उतरायला मज्जाव करा. नुसत्या पाट्या लावून भागणार नाही, पाट्यांशेजारी उभे राहूनही लोक फोटो काढतात.

ज्यांना जायचे त्यांनी जरूर जावे. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जावे. पांढरे रण बघायचे असेल तर त्यातले उत्तरार्धातले दिवस बरे. रणोत्सव भरतो त्या धोरडोच्या बाजूला जाणार असाल तर भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर परवाना काढावा लागतो, ओळखपत्र बरोबर असू द्या, आणि तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोर, पायपंप आणि दोन जादा ट्यूब ठेवा. फावडेही ठेवा, तुमच्यासाठी नाही तर वाटेत भेटणाऱ्यांसाठी.

सोबत एक छायाचित्र पाठवत आहे. त्यात चारही गाड्या डांबरावर उभ्या आहेत. चौकटीत मीठ थोडे कमी आणि आमचे यजमान थोडे जास्त आले आहेत, तेवढे चालवून घ्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे